सत्काराचा नारळ

आमच्या शेजारच्या जयवंताबाईच्या हातचं तिच्याच घरी कोणी खात नाई. पयले तिच्या कानात नसलेल्या माणसाईचे आवाज येत. जामसांवलीच्या मारुतीले नेलं, मंग नागपूरच्या दवाखान्यात. गोळ्याईनं बाई बरी झाली, पण सून डिंपल तिले गॅसजवळ फिरकू देत नाई. "मी भाकर कवा टाकू?" एवढंच तिचं मागणं. नवरा भगवंतराव तोंड उघडत नाई, अन् पोरगा कुलदीप बायकोच्या हो ले हो. असा राग येते बाप्पा मले!

अशात हेमंत सर आले. मनाच्या आजारावर संशोधन करून राहिले होते. म्हणाले, "ज्यांनी आजार भोगला, तेच आमचे भागीदार. काय विचारायचं ते तुम्ही ठरवा." त्याईचे सवाल झोपेचे अन् भुकेचे. जयवंता म्हणे, "हे इचारा, घरचे तुमच्या हातचं खातात का?" सरानं तोच सवाल पयला घेतला. ते सवाल घेऊन मोहगाव, तिगाव, कुठं कुठं हिंडली बाई! बाया तिच्यापाशी रडत, मोकळ्या होत. सरकारी माणसासारखं काम करून राहिली, आता घरचे मानतीनच, असं तिच्या मनानं घेतलं.

काम संपल्यावर सौसरले सत्कार ठेवला. हिनं हौसेनं डिंपलच्या मायबापालेही आवतन देलं. डिंपलनं माहेरी सासूच्या आजाराचं सांगितलंच नव्हतं, हे हिले कुठं ठाऊक? शाल झाली, नारळ झाला, टाळ्या झाल्या. अन् सर माइकवर कौतुकानं बोलले, "जयवंताबाई स्वतः मानसिक रुग्ण आहेत, तरीसुद्धा..." चांगल्या मनानंच बोलला हो माणूस. आग लागो त्या चांगुलपणाले!

डिंपलची माय लेकीले अन् नातवाले घेऊन तिथूनच निघाली.

घरी आल्यावर जयवंतानं अंगणात तो नारळ फोडला अन् एकेकाच्या हातावर खोबरं ठेवलं. कुलदीपनं ओट्यावर ठेवून देलं. भगवंतरावानं जरा वेळ मुठीत धरलं, मंग गाईपुढं टाकलं. मी खाल्लं. माह्या एकटीच्या खाण्यानं काय होते?

"सून तं गेली," जयवंता शालीची घडी करत म्हणाली, "आज मीच टाकतो भाकर."

कुलदीपनं गाडी काढली, हाटेलातून भाजी-पोळ्या आणल्या, अन् मायचं ताट रोजच्यासारखंच ओसरीत आणून ठेवलं.