पाच वाजता झोपवू नका

परवाच्या रविवारी देहूरोडच्या पुढे, आई राहते त्या केअर सेंटरच्या हॉलमध्ये, तिथल्या पेशंटचे आम्ही सगळे नातेवाईक पहिल्यांदा एकत्र बसलो... ते कसं जमलं, ते सांगते.

आईला पॅरालिसिसचा झटका आला. आम्ही नवराबायको दोघंही चाकणला कंपनीत, घरी तिला उचलायला-बसवायला माणूस मिळेना. शेवटी नाइलाजाने तिला तिथे ठेवलं.

जागा स्वच्छ, मावश्या मायाळू. पण मी कामावरून सुटून जावं, तर आई दिवा मालवलेल्या खोलीत आडवी... डोळे टक्क उघडे. विचारलं की मॅनेजरचं उत्तर ठरलेलं, "बाकी कुणाची तक्रार नाही मॅडम, तुमचीच आहे."

मी पुढे ताणायचे नाही. आपण बोलून घरी येणार आणि राग निघणार आईवर, ही भीती.

एकदा गेटबाहेर चहा घेताना एक काका भेटले. मूळचे इथल्याच गावचे, त्यांची थोरली बहीण आईच्या शेजारच्या खोलीत. माझं ऐकून म्हणाले, "व्हय? मला बी हेच सांगितलं. तुमचीच तेवढी तक्रार हाय म्हनं."

त्या दिवसापासून आम्ही दोघं भेटायला येणाऱ्या प्रत्येकाशी बोलायला लागलो. काही जण टाळायचे. पेशंटला घेऊन जा म्हणाले तर कुठे नेणार, हा प्रश्न सगळ्यांनाच होता... म्हणून ठरवलं, ऑफिसात एकट्याने जायचं नाही आणि फक्त आपल्या माणसाचं बोलायचं नाही.

नातेवाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला, त्यावर मागण्या सुरू झाल्या. जेवण, बंद लिफ्ट, डॉक्टरांची फेरी. काका म्हणाले, "आपनच ठरवतोय समदं. त्यान्ला इचारलं का कुनी?"

खरंच, विचारलंच नव्हतं...

आईला शब्द जुळवायला वेळ लागतो. मी विचारलं आणि थांबले. ती म्हणाली, "पाचला... झोपवू नका." मग खोल्याखोल्यांतून तेच ऐकू आलं. दिवसपाळीच्या मावश्या सहाला जातात, म्हणून त्याआधीच सगळ्यांना भरवून आडवं करायचं. या माणसांना संध्याकाळच उरली नव्हती.

तर रविवारी हॉलमध्ये आम्ही आणि व्हीलचेअरवर आमची ती सगळी माणसं. मॅनेजर हळूच मला म्हणाले, तुमच्या आईंचं बघतो. मी म्हटलं, "एकट्या आईचं नको. सगळ्यांचं बघा."

स्टाफ कमी आहे, हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण शिफ्ट कशी लावायची, हे चाकणच्या माणसांना शिकवावं लागत नाही. दोन मावश्यांची ड्युटी दुपारी सुरू करून रात्रीपर्यंत ठेवायची, असं तिथेच बसून मांडून दाखवलं. बराच वेळ घासाघीस झाली... शेवटी महिनाभर करून बघू म्हणाले.

काल कामावरून थेट गेले. आई हॉलमध्ये खुर्चीत बसून काकांच्या बहिणीशी टीव्हीच्या चॅनलवरून भांडत होती. मला म्हणाली, थांब जरा.

लिफ्ट अजून बंदच आहे. तिचाही पाठपुरावा आम्ही सोडणार नाही.

तिथे एक आजी आहेत, त्यांना भेटायला कुणीच येत नाही. त्यांच्या वतीने कोण बोलणार, असं रविवारी मॅनेजरनी विचारलं, तेव्हा हॉलमधले सगळेच हात वर झाले... त्या हातांचे आभार कसे मानू, कळत नाही.