रासाईपुढे बोलता न आलेलं गाऱ्हाणं

मी तशी देवभोळी नाही. बत्तीस वर्षं सिनेमात काढली, त्यात चारदा स्वतःच देवी झाले. मुकुट घालून हात उंचावायचा आणि पॅकअप झालं की मानेला बाम चोळत बसायचं, अशा बाईला देवाचं भय ते काय राहणार? माझा भरवसा माझ्या पाठांतरावर. आमच्याकडे वाक्य आठवेना तर कलाकार खुशाल एक-दोन-तीन-चार असे आकडे म्हणतात. ओठ हलले की झालं, खरे शब्द नंतर डबिंगला भरतात. मी ते कधी केलं नाही. कॅमेऱ्यापुढे खोटं बोलायचं नाही, हा माझा बाणा होता आणि त्याचा मला भारी तोराही होता.

गेल्या हिवाळ्यापासून मात्र शब्द निसटायला लागले. आधी वाक्यं, मग रोजच्या माणसांची नावं. माझी आई शेवटी शेवटी मलाच विचारायची, “बाई, तुम्ही कोण?” त्यामुळे हे काय असू शकतं ते मला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच मी डॉक्टरकडे जात नव्हते. लेकीलाही सांगितलं नाही. डोकं दुखतंय, झोप झाली नाही, असं म्हणत दिवस ढकलत होते.

अशात भीमेच्या काठी वडगाव रासाईला चित्रीकरण लागलं. नदीकाठी देवळाचा सेट उभारला होता. हरवलेल्या मुलीसाठी आई देवीला गाऱ्हाणं घालते, एवढाच प्रसंग. नऊ टेक झाले आणि दर वेळी तिसऱ्या वाक्याला मी कोरी. शेवटी आमची दिग्दर्शिका, माझ्या लेकीच्या वयाची, जवळ येऊन हळूच म्हणाली, “ताई, आकडे म्हणा ना. डबिंगला बघू.” माझं तोंड एवढंसं झालं. जेवणाची सुट्टी झाली तशी मी त्याच विटक्या नऊवारीत उठले आणि गावातल्या रासाईदेवीच्या खऱ्या देवळात जाऊन बसले.

दुपार कलंडत होती. नदीवरून वारा येत होता आणि त्याला कुठल्याशा गुऱ्हाळाचा गोडसर वास होता. फरशीचा गारवा पायांतून वर चढत होता. मी जागी होते की डुलकी लागली होती, ते आजही सांगता येणार नाही. बाहेरचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे येत होते आणि देवीचे डोळे तेवढे दिसत होते. किती वेळ गेला कोण जाणे.

तेवढ्यात एक म्हातारी ओटी भरायला आली. खण, नारळ, तांदूळ देवीपुढे ठेवून तिनं माझ्याकडे पाहिलं. “कुठली गं बाई तू?” साडीवरून तिला मी रानात राबणारीच वाटले. जित्याची खोड, मी लगेच भूमिकेत शिरले. “पल्याडची, दौंडकडची,” म्हणाले. “आन् रिकाम्या हातानं आलीस व्हय?” असं म्हणत तिनं आपल्या पिशवीतले मूठभर तांदूळ माझ्या पदरात घातले. “आता घाल गाऱ्हाणं. मनात न्हाई, तोंडानं. आधी नाव सांग, गाव सांग, मग दुखणं.”

मी तोंड उघडलं आणि नावच येईना. पडद्यावरचं सांगू, भूमिकेतलं सांगू की आईनं ठेवलेलं, काही कळेना. मग मला रडू फुटलं. रडताना मी कशी दिसते हे मला एरवी पक्कं ठाऊक असतं. त्या दिवशी नव्हतं.

म्हातारी गडबडली नाही. “ऱ्हाऊ दे. मी बोलते तुझ्यावतीनं.” तिनं हात जोडले आणि घरातल्या थोरलीशी बोलावं तसं बोलली, “आई, ही कोण हाय मला ठाव न्हाई. हिला बोलाया येईना. तुला समदं ठाव हाय. हिचं वझं हलकं कर.” देवीच्या उजव्या खांद्यावरचं एक फूल खाली आलं. वाऱ्यानंही आलं असेल. “उजवा कौल दिला बघ आईनं,” एवढंच म्हणून ती प्रदक्षिणेला गेली.

मी सेटवर परतले आणि दिग्दर्शिकेला सांगून टाकलं, “डोकं दुखत नाही माझं. मला आठवत नाही. कोणीतरी मागून वाक्यं सांगा.” ती स्वतःच खांबाआड बसली, एकेक वाक्य सांगत गेली आणि मी तिच्यामागून बोलत गेले. दुसऱ्या टेकला काम झालं.

संध्याकाळी निघताना म्हातारी एसटीच्या थांब्यावर दिसली. मी तिच्या पाया पडले. “आजी, मी दौंडची नाही. सिनेमात काम करते. तुमच्याशी खोटं बोलले.”

तिनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “आन् रडलीस ते?”

“ते खरं होतं.”

“मग पोचलं ते. लेकरंबाळं हायती का? त्यांस्नी सांगितलंस?”

मी मान हलवून नाही म्हणाले.

“देवीला सांगितलंस आन् लेकराला न्हाई. लई शहाणी हायस.” एसटी आली आणि ती चढून गेली. तिचं नाव विचारायचं मला सुचलंच नाही, पण तिचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत.

तिथंच उभ्या उभ्या मी लेकीला फोन लावला. “बाळा, मी विसरायला लागले आहे, तुझ्या आजीसारखी. मला भीती वाटते.” ती म्हणाली, “मला माहीत होतं गं आई. तू कधी सांगतेस याची वाट बघत होते. निघाले मी.”

आता उपचार चालू आहेत. काही दिवस बरे जातात, काही नाही. आधार मागण्यात कमीपणा नसतो, हे मला फार उशिरा कळलं, पण देवीच्या कृपेनं कळलं. हे सगळं मी सांगते आहे आणि लेक लिहून घेते आहे. मघाशी एका गावाचं नाव मला आठवेना. मी थांबले, तिनं वर न पाहता ते लिहिलं आणि म्हणाली, “हं, पुढे सांग.”