बेल्ट सैल धरायचा असतो

“मैडम, चल कौन रहा है? ये, या आप?” आमचे विभागप्रमुख सर माझ्या हाताकडे बघत होते.

मी जबलपूरला, सदर भागातल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंटला चालायला शिकवताना त्याच्या कमरेला आम्ही रुंद बेल्ट बांधतो आणि मागून धरतो. तोल गेलाच तर सावरायला. धरायचा सैल, आणि रोज थोडा आणखी सैल. हे मी ज्युनियर्सना दहा वर्षं शिकवत आले. या खेपेस पेशंट माझे बाबा होते. गुडघा बदलून सहा आठवडे झाले होते, तरी मी बेल्ट असा आवळून धरला होता की ते जवळजवळ लटकतच चालत होते.

खरं सांगायचं तर त्यात माझा स्वार्थ होता. आई गेल्यापासून बाबा शहरातच, घमापुरात एकटे राहतात. ऑपरेशननंतर माझ्याकडे आले आणि सकाळच्या चहाला मला हक्काचं माणूस मिळालं भांडायला. ठरलं असं होतं, की आधाराशिवाय कॉरिडॉरची एक फेरी पूर्ण केली, की बाबा आपल्या घरी जायला मोकळे.

“तू काहून ओढून राहिली मला?” बाबा म्हणाले. “सोड न.”

“पडाल, बाबा.”

“पडलो तर तू आहेस न. त्याचाच तर पगार घेते तू.”

“छोड़िए, मैडम,” सर म्हणाले.

सोडला.

बाबा निघाले. आधी टाच, मग चवडा, अगदी पुस्तकात असतं तसं. पहिली चार पावलं मी श्वासच घेतला नाही. कॉरिडॉरच्या टोकाला वळून परत यायचं होतं. ते वळलेच नाहीत. बाकावरचे पेशंट टाळ्या वाजवायला लागले, आणि बाबा रॅम्प उतरून थेट गेटबाहेर. मला हसू आवरेना, डोळ्यांतलं पाणी थांबेना, आणि सरांसमोर मी चक्क उडी मारली. मग लक्षात आलं, हॉस्पिटलचा बेल्ट बाबांच्या कमरेलाच आहे.

मी धावत गाठलं तोवर ते ऑटोत बसलेसुद्धा होते.

“चलो भैया, घमापुर,” त्यांनी सांगितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “हळू न बेटा, पडशील.”

ऑटो गेला. बेल्टही गेला. मी रस्त्यात उभी राहून वेड्यासारखी हात हलवत राहिले.

तेव्हापासून घरच्यांची केस मी घेत नाही. पेशंट बरा तर व्हावा, पण जाऊ नये, असं ज्याला वाटतं त्यानं हे काम करू नये.