दाजींच्या अळ्या

आमच्या दाजींइतका माशांवर जीव लावणारा आणि माशांवरूनच भांडणारा शाकाहारी माणूस सगळ्या बीदर जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. हुमनाबादच्या एका कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त आहेत. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, घरात अंडंसुद्धा चालत नाही, आणि हा माणूस दिवसभर खिडकीशी बसून ट्राउट माशाला फसवायच्या खोट्या अळ्या बांधतो! ट्राउट हा थंड पाण्यातला, हिमाचलाकडचा मासा. नदीतल्या दगडांना चिकटलेल्या अळ्या तो खातो. म्हणून बारीक गळावर पीस, लव आणि तार गुंडाळून हुबेहूब तशी अळी करायची आणि त्याच्यापुढे सोडायची. दाजींनी तो मासा जन्मात बघितलेला नाही.

हे खूळ आणलं त्यांच्या मुलानं, शिवूनं. तो हिमाचलात नोकरीला गेला आणि गळ टाकायला शिकला. मासा धरलेला फोटो त्यानं घरी पाठवला तेव्हा दाजींनी जे तोंड सोडलं ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. "लिंग बांधलेल्या पोरानं जीव घ्यायचा? पुन्ना या घरात पाय ठेवू नको!" शिवूही त्यांचाच मुलगा, तो आलाच नाही. अक्का झुरून अर्धी झाली. दाजींना ढिलं काम बघवत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून मी शिवूकडून नमुन्याची एक अळी मागवली आणि त्यांच्यापुढे ठेवली. भिंगाखाली धरून ते गरजले, "कोन्या गाढवानं बांधलंय हे? दोरा बघ, नुसता लोंबायलाय!" संध्याकाळपर्यंत त्यांनी स्वतःची अळी बांधून काढली. मात्र गळाच्या टोकाशी असलेला उलटा काटा पकडीनं दाबून सपाट केला, म्हणजे मासा लागला तरी अलगद सुटून जाईल. मासे सोडून देणार असशील तर अळ्या मिळतील, असं मी शिवूला कळवलं. त्यानं कबूल केलं.

आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे तेव्हापासून माझ्या घराची नासाडी चालू आहे. तांब्याची बारीक तार हवी म्हणून त्यांनी माझ्या चांगल्या चालत्या मिक्सरची मोटर उकलली. लव हवी म्हणून माझ्या कुत्र्याचे कान भादरले. पिसासाठी शेजारच्या चाचांच्या कोंबड्यामागे धावले, आणि चाचांनी "क्या अण्णा, अब खाने लगे क्या?" म्हणून विचारलं तर त्यांच्यावरच उखडले. मिक्सरवरून मी कडाकडा भांडलो. "मिक्सर दुकानात मिळतंय की," दाजी म्हणाले, "अशी तार मिळती का?"

पण माझा खरा राग वेगळाच होता. बापलेक एकमेकांशी बोलतच नसत. फोन मी धरायचा. "मासा सुटला का इचार." "सुटला म्हणा, मामा." झालं बोलणं! अक्का दारात उभी राहून तेवढंच ऐकायची. एकदा मी ओरडलोच, "त्याला ये म्हणा की, दाजी!"

"म्या कामून म्हणू? त्याला पाय न्हाईत का?"

गेल्या महिन्यात त्यांनी एक पाकीट माझ्यापुढे टाकलं. आत एकच अळी, तीही अर्धी. पीस गुंडाळलेलं, पण दोऱ्याला गाठ नाही. "हे असलं काय पाठवायचं?" मी चिडून विचारलं. "पाठव म्हणलो न्हवं!" ते माझ्यावर खेकसले.

पाकीट पोचलं त्याच दिवशी शिवूचा फोन आला. "मामा, अप्पांनी गाठ न मारताच पाठवलंय. ते असं कधीच करत न्हाईत. काय झालंय त्यांना?" मी फोन सरळ दाजींच्या कानाला लावला. त्यांनी तो ढकलला नाही. कपाळावरच्या आठ्या मात्र तशाच.

"डोळ्यानं दिसंना झालंय मला," ते म्हणाले. "दोरा हितंच हाय. येऊन गाठ मार."

अक्का उभी होती तिथंच उंबऱ्यावर खाली बसली. एवढ्याशा वाक्यासाठी या दोघांनी तिची किती वर्षं खाल्ली, या विचारानं मला संताप आला, आणि त्या रागातच मी अक्काला उठवायला हात पुढे केला.