पुलावरची शिट्टी

इंजिन उतरवून नव्यानं बांधल्यावर माझी गाडी घरी आली खरी, पण तिच्यातला जोर गेला होता. जागेवर सुरू केली की आवाज एकसारखा. रस्त्यावर मात्र तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला तरी ओढेना, मागून काळा धूर. आमच्या कोंढ्याहून निघालं की धानाची पोती भरलेला ट्रॅक्टर ओलांडायचीही हिंमत होत नव्हती.

काम केलं होतं माझ्या भाऊजींनी, थोरल्या बहिणीच्या यजमानांनी. कारध्याला त्यांचं गॅरेज आहे. बॉनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून दोष सांगणारा माणूस. दुसऱ्या कुणाकडे जायचं माझ्या मनातही आलं नाही.

त्यांनी गाडी ठेवून घेतली. एअर फिल्टर पाहिला, डिझेल फिल्टर बदलला, टायमिंगच्या खुणा पुन्हा जुळवल्या, टर्बोचा पंखा बोटानं फिरवून पाहिला. सगळं जागच्या जागी.

"गाडीत जोर आहे, तुह्याच पायात नाही," ते हसून म्हणाले. पुढं मात्र ते हसणंही थांबलं.

बहीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "आजकाल असंच चालू आहे. मी इकडून बोलून राहिली, अन् हे तिकडंच पाहून राहिले. काहून रागावले, समजत नाही."

मला वाटलं, राग माझ्यावरच असणार. गाडी पुन्हापुन्हा आणून मी त्यांच्या कामावर बोट ठेवत होतो ना.

शेवटी आम्ही दोघं गाडी घेऊन वैनगंगेच्या पुलावर गेलो. ते चालवत होते. त्यांनी पाय दाबला आणि पुढून बारीक शिट्टी सुरू झाली. पाय उचलला की बंद, दाबला की पुन्हा. मी ती रोजच ऐकत होतो. टर्बोच्या गाडीला एवढा आवाज असायचाच, आणि भाऊजींनी तो ऐकला असणारच, असं मी धरून चाललो होतो.

"भाऊजी, हे शिट्टी कायची?"

ते समोर पाहत चालवत राहिले. मी मोठ्यानं विचारलं.

"कोणती शिट्टी?"

"आता वाजून राहिली ना!"

त्यांनी काच खाली केली, मान वाकवली, पुन्हा पाय दाबला. शिट्टी स्पष्ट वाजत होती. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. पूल संपल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"मले वाटे, आजकालच्या गाड्याच चुपचाप झाल्या," ते म्हणाले.

शिट्टी म्हटल्यावर दोष कुठं आहे हे त्यांना लगेच कळलं होतं. गॅरेजात परतल्यावर, टर्बोनं दाबलेली हवा इंजिनात नेणारा रबरी पाइप त्यांनी उतरवला. खालच्या अंगाला चीर होती. जागेवर ती मिटलेली राही, दाब आला की उघडे आणि हवा तिथूनच निसटे. नवा पाइप बसवला, गाडी ओढू लागली. त्यांनी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, वर्षानुवर्षांच्या आवाजानं कानाच्या नसा गेल्यात, आता परत येणार नाहीत. कानाला लावायचं मशीन दिलं. भाऊजी ते घरी लावतात, बहिणीसाठी. गॅरेजात लावलं तर प्रत्येक हातोडा कपाळात बसते, म्हणतात. इंजिनची कामं त्यांनी सोडली. ब्रेक, ऑइल, एवढंच करतात.

परवा मी तिथं बसलो असताना एकानं गाडी सुरू करून मोठ्यानं विचारलं, "काका, आवाज कसा वाटते?"

भाऊजींनी बॉनेटवर तळहात टेकवला, बराच वेळ तसाच ठेवला. मग "नागपूरले दाखव," म्हणून हात पुसायला आत गेले.