झांजा कुणी चोरल्या

भाच्याला त्या रविवारी गप्प बसता आलं असतं. तोंडात बिस्किट होतं, तेच चावत राहिला असता तरी भागलं असतं. पण नको तिथे तोंड उघडायची त्याला जुनी खोड, आणि त्यातून स्वारी पडली खरं बोलणारी. मामांचा गुडघा हलवून तो मोठ्याने म्हणाला, "मामा, अहो, आवाजच येत नाहीये."

खोलीत मामा, मामी, भाचा आणि मामांचा जुना दोस्त घड्याळवाला, एवढीच माणसं. तबकडी फिरत होती, सुई तिच्यावर टेकलेली होती. स्पीकरची तार मात्र सकाळी केर काढताना मामींच्या झाडूने निसटली होती आणि भिंतीशी लोंबत होती. मामा डोळे मिटून, मांडीवर ठेका धरून सांगत होते, "आता ऐका. आता गिटार रडायला लागेल. बघा हं... लागली!"

मामांनी डोळे उघडले. भाच्याकडे पाहिलं, मग तारेकडे. बोटं मांडीवर आणखी एक-दोनदा पडली आणि थांबली. घड्याळवाला लगबगीने खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखी फक्त समोरच्या इमारतीची भिंत होती.

मामांना ऐकू येईनासं झालंय हे मामींना वर्षभर ठाऊक होतं. घड्याळवाल्यालाही होतं. एक शब्द न बोलता दोघांनी ते झाकून ठेवलं होतं. भाच्याने एका वाक्यात झाकण उडवलं.

मामा पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात ठोक्याच्या यंत्रावर होते. दिवसभर धाडधाड, आणि घरी आले की बूट काढायच्या आधी तबकडी. पन्नास वर्षांपूर्वीची रॉकची गाणी, आवाज असा की मामींची भांडी फळीवर नाचायची. "कारखाना धुऊन काढतोय," असं मामा म्हणत. त्यांची मतं पक्की होती. ढोलवाल्याने मागे बसावं आणि मागेच राहावं. प्रेक्षकांसमोर ध्वनिमुद्रित केलेली तबकडी घेऊ नये, कारण "टाळ्याच ऐकायच्या तर मी स्वतः वाजवीन, फुकट." जो वादक वाद्यवृंद सोडून एकटा गायला लागला, तो संपला. सिनेमाचंही तसंच. काळापांढरा तेवढा सिनेमा. रंगीत सिनेमातला नायक त्यांना ताप आल्यासारखा दिसे. आणि सिनेमा चांगला की वाईट हे ते दारांवरून ठरवत. "जुन्या सिनेमात दार लागलं की वाटतं, आता ते उघडायचं नाही. हल्ली दारं नुसती लागतात."

दर रविवारी घड्याळवाला ही मतं खोडायला येई. तेवढंच त्याचं काम.

गेल्या काही वर्षांत एका मताची भर पडली होती. कंपन्यांनी झांजा चोरल्या. "जुन्या गाण्यांतल्या झांजा काढून टाकतात लेकाचे. आधी कशा पाऊस पडल्यासारख्या वाजायच्या!" मामांनी सुई बदलली, स्पीकर बदलला, दुकानदाराशी भांडून झालं. झांजा काही परत आल्या नाहीत.

त्या रविवारनंतर मामी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. भाच्याला अपराधी म्हणून बरोबर यावंच लागलं.

"मोठ्या आवाजात गाणी ऐकायचात का?" डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून विचारलं.

"ऐकायचे? अहो, भिंती हलायच्या!" मामी म्हणाल्या.

"माझे कान कारखान्याने नेले," मामा म्हणाले. "गाण्यांवर आळ घ्यायचा नाही."

बाई भल्या होत्या. त्यांनी खाली लिहिलं: दोन्हींनी मिळून. नस गेलेली आहे, परत येत नाही.

मामांनी तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. शेजाऱ्याने चोरी केली म्हणून इतकी वर्षं बोंब मारावी आणि माल आपल्याच माणसाकडे निघावा, तसा त्यांचा चेहरा झाला.

कानाला यंत्र लागलं. मामींचं बोलणं बऱ्यापैकी कळू लागलं. मामांच्या मते हा यंत्राचा तोटाच. गिटार मात्र जिन्यावरून चमचे सांडावेत तशी वाजू लागली. दोन गाणी ऐकून त्यांनी यंत्र काढून डबीत ठेवलं.

मग भाच्याने भरपाई म्हणून अक्कल चालवली आणि एक मूकपट आणला. मूकपटाबद्दल मामांचं मत साऱ्या घराला पाठ होतं: सिनेमा बोलायला लागला तेव्हा जन्मला, त्याआधी नुसती धावाधाव. तरी ते मुकाट बघत बसले. पडद्यावर एक जाडा माणूस चिडून दार आपटून गेला.

"जोरात लागलं का रे दार?" मामांनी विचारलं.

"मामा, हा सिनेमाच मुका आहे," भाचा त्यांच्या कानाशी ओरडला.

"म्हणजे तुलाही नाही आलं ऐकू?"

"नाही."

"बरं," मामा म्हणाले. "बंद कर. ज्याला ऐकू येत नाही त्याच्या मताला कोण विचारतं?"

पुढच्या रविवारी घड्याळवाला नेहमीसारखा आला. मामा नुसते बसलेले बघून तो कासावीस झाला. भांडायला कुणी नाही म्हटल्यावर माणसाने जावं कुठे? त्याने त्यांचं सगळ्यात जुनं भांडण उकरलं. मामांच्या लाडक्या गाण्याच्या अगदी शेवटी, आवाज विरत जातो तिथे, कुणीतरी खोकतं, असं मामांचं म्हणणं. ती खुर्ची करकरते, असं घड्याळवाल्याचं. जो हरेल त्याने कोपऱ्यावरच्या हॉटेलात कॉफी पाजायची. त्याने ओठ मोठे हलवत म्हटलं, "खुर्चीच आहे ती! आता तरी कबूल कर!"

मामा ताडकन उठले. कितीतरी दिवसांनी ते असे उठले होते. तबकडी लावून त्यांनी हेडफोन भाच्याच्या डोक्यावर बसवला. "तू खरं बोलणारा ना, गाढवा? मग ऐक आणि सांग. खोकला की खुर्ची?"

भाच्याने जीव कानात आणला. गाणं विरत गेलं, आणि जिथे खोकला किंवा खुर्ची असायला हवी, तिथे नुसती खरखर होती. मामांनी ती जागा इतक्यांदा लावली होती की तबकडीवरची रेघच झिजून गेली होती. तिथे आता कुणाचंच काही उरलं नव्हतं.

दोघे म्हातारे त्याच्या तोंडाकडे बघत होते. मामी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"परत लावतो," भाचा म्हणाला.

"लाव, लाव! घाई नाही," मामा म्हणाले, आणि घड्याळवाल्याला ढोसून बोलले, "खोकलाच आहे बघ. सर्दी झालेली असणार त्या गिटारवाल्याला. तिसऱ्या कडव्यापासून ओळखू येते."

"तुझं डोकं! खुर्ची लाकडी होती!"

भाच्याने परत लावलं. पुढच्या रविवारी परत लावलं, त्याच्या पुढच्याही. दर वेळी तो हेडफोन काढून म्हणतो, नीट कळलं नाही, आणि दर वेळी मामा घड्याळवाल्याला सांगतात, पोराचे कान कच्चे आहेत. उत्तर भाच्याकडे अजून बाकी आहे. कॉफीही कुणी कुणाला पाजलेली नाही.