सुभेदार आणि संगणकांचं बिऱ्हाड

संगणकाचं बिऱ्हाड हलवावं तर आमच्या सुभेदारांनीच, बाकीचे सगळे नुसते हमाल, याबद्दल माझ्या मनात आजही तिळमात्र शंका नाही. सुभेदार म्हणजे लष्कराच्या सिग्नल विभागातून निवृत्त होऊन आमच्या पलूसच्या दूध संघात संगणक सांभाळायला आलेले साताऱ्याकडचे गृहस्थ. कडक इस्त्री, पिळदार मिशी, आणि लांब कुठेतरी चाललेलं गाणं ऐकत असावा तसा चेहरा. संगणक सुरू व्हायला त्या काळी बराच वेळ लागे. तेवढा वेळ ते काळ्या पडद्याकडे इतक्या मायेने बघत बसत, की आपणही खुर्ची ओढून शेजारी गप्प बसावं असं वाटे. बंद पडलेल्या यंत्राला त्यांनी कधी शिवी दिली नाही. "दमलंय ते. च्या पिऊन येऊ, तवर उठंल," म्हणत आणि आम्हाला घेऊन बाहेर पडत. आश्चर्य म्हणजे ते बहुधा उठायचंही!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जुनी विंडोज काढून सगळ्या संगणकांवर नवी घालायची असं संघाने ठरवलं. साहेबांचं म्हणणं, सगळ्यांचे पडदे एकसारखे करून टाका, कटकट नको. सुभेदार म्हणाले, "साहेब, बदली झाली म्हनून जवानाची उशी काढून घेत न्हाईत." साहेब हसले आणि त्यांनी शनिवार संध्याकाळपर्यंतची मुदत दिली. तोवर जे यंत्र होणार नाही, ते सांगलीहून येणारा माणूस पुसून कोरं करणार होता.

आता शहाणा माणूस प्रत्येकाची मांडणी फ्लॉपीवर उतरवून घेईल. सुभेदारांचा फ्लॉपीवर काडीचा विश्वास नव्हता. ते माणसाला त्याच्याच खुर्चीत बसवत आणि म्हणत, "डोळं मिटा. मशीन लावली की पयलं काय दिसतंय, सांगा." आणि काय सांगावं, सगळं ऑफिस स्वप्नं सांगू लागलं! भिलवडीचे अकौंटंट डोळे मिटून म्हणाले, "नदी. हिवाळ्यातली, सकाळची." सुभेदार सायकल काढून भिलवडीच्या घाटावर जाऊन पाणी बघून आले आणि अर्धा दिवस निळ्यात हिरवा मिसळत बसले. तेव्हापासून अकौंटंट त्या पाण्याकडे बघत हिशेब करू लागले आणि दुपारी बिनधास्त घोरू लागले. मला दिसलं मिरजेतल्या तंबोरे करणाऱ्यांचं अंगण, वाळत घातलेल्या भोपळ्यांचं. माझ्या पडद्याला भोपळ्याचा रंग मिळाला. साहेबांना वाटलं, यंत्राला कावीळ झाली.

सुमनताईंनी मात्र डोळे मिटले नाहीत. त्यांचे यजमान आमच्याच ऑफिसात होते. आजारपणात ते गेले आणि त्यांच्या जागी ताई लागल्या, त्याच खुर्चीवर, त्याच यंत्रापुढे. यजमान डावरे. त्यांनी माउसची बटणं उलटी करून घेतली होती आणि पडद्याला पोपटी रंग दिला होता. ताई उजव्या हाताच्या, त्यामुळे रोज चुकीचं बटण दाबत, रोज चुकत, पण त्यांनी काही बदललं नव्हतं. त्या म्हणाल्या, "आवं सुभेदार, बाकी कायबी जाऊ द्या. पन ह्यांनी ठेवल्यालं तेवढं पुसू नका."

सुभेदार सावधानमध्ये उभे राहिले. "पुसनार न्हाई, ताई. शब्द हाय माझा."

नेमकं तेच यंत्र अडून बसलं. नवी विंडोज अर्ध्यावर यायची आणि पडदा गोठायचा. शनिवारची दुपार कलली, सांगलीचा माणूस येऊन दारात उभा राहिला. "नवीन घाला की काका, काय ठेवलंय त्या डबड्यात?" सुभेदारांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एका हाताने यंत्राची पाठ थोपटत, पुटपुटत, ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करत राहिले. ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. कुणीच घरी गेलं नव्हतं.

ऊन खिडकीतून उतरून फरशीवर आलं तेव्हा पडदा उजळला. पोपटी! ताई बसल्या. त्यांनी उजव्या बाजूचं बटण दाबलं आणि फाइल उघडली; बटणंही उलटीच राहिली होती. त्यांनी पदराने डोळे पुसले, बराच वेळ त्या रंगाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सुभेदार, बटनं सरळ कुठनं करायची, तेवढं दावा."

आम्ही सगळे चाट पडलो. सुभेदार तर पार गोंधळले. "आवं ताई, मग दिसभर आपुन ह्यो खटाटोप..."

"यंत्रानं पुसलं असतं तर मला सोसलं नसतं," ताई म्हणाल्या. "आता मी माझ्या हातानं बदलतीया. हिरवं ऱ्हाऊ द्या."

सुभेदारांनी दाखवलं, ताईंनी बदललं. क्षणाचं काम होतं.

मी बाहेर आलो तेव्हा सुभेदार सायकल धरून फाटकाशी उभे होते. म्हटलं, "सुभेदार, शब्द पाळलात." ते मिशीवरून हात फिरवत राहिले. त्यांची बायको ते सीमेवर असताना वारली होती, हे आम्हाला ऐकून माहीत होतं. त्यांच्या तोंडून मात्र कधी निघालं नव्हतं.

"लय धीराची बाई, गड्या," ते म्हणाले. "माज्या घरात कारभारनीची चप्पल अजून दारात हाय. मला न्हाई जमलं."

मला फार भरून आलं. मी सायकलला हात लावला आणि आम्ही दोघं ती ढकलत त्यांच्या घराकडे चालू लागलो.